कंप

यंत्रांच्या जगात कंप हा दोष मानला जातो. पंखा डुलू लागला, पंपाची मोटार थरथरू लागली की कारागिराला बोलावणे येते, आणि तो कंप नाहीसा करण्यातच त्याच्या विद्येची कसोटी असते. वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात चाळीस वर्षे हेच काम केले. पंख्याच्या कोणत्या पात्याला किंचित वजन चिकटवावे, हे ते नुसत्या डुलण्यावरून सांगत. पुढे त्यांच्या उजव्या हातालाच कंप सुटला. दुकान बंद झाले, हत्यारे माळ्यावर गेली, आणि चारचौघांत तो हात सदऱ्याच्या खिशात राहू लागला.

शाळेच्या प्रदर्शनासाठी नातीला उन्हावर चालणारा किडा करायचा होता. तिने बंद पडलेल्या मोबाइलमधली शेंगदाण्याएवढी मोटार आजोबांच्या तळहातावर ठेवली. तिच्या आसावर अर्धचंद्राकृती धातूचा तुकडा होता. सारे वजन एकाच बाजूला. आस फिरला की ते वजन मोटारीला क्षणोक्षणी निराळ्या दिशेने ओढते, आणि मोटार थरथरते. जे उभ्या आयुष्यात काढून टाकले, ते येथे मुद्दाम घातलेले होते. आजोबा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

रचना साधीच होती. दात घासण्याच्या ब्रशच्या डोक्यावर मोटार बसवायची. ब्रशचे केस एकाच बाजूला कललेले असले, की प्रत्येक थरथरीसरशी ते पुढे सरकते. सिलिकॉनचा एक सौरघट जेमतेम ०.५ व्होल्ट दाब देतो, म्हणून आठ घटांची पट्टी घेतली. तरी एवढ्या लहान पट्टीचा प्रवाह मोटारीला पुरत नाही. तो आधी कपॅसिटरमध्ये साठवावा लागतो. दाब पुरेसा चढला, की दोन ट्रान्झिस्टर वाट मोकळी करतात आणि साठलेली वीज एकदम मोटारीत उतरते. मार्क टिल्डन या भौतिकशास्त्रज्ञाने प्रसृत केलेल्या छोट्या यंत्रप्राण्यांचे हेच तत्त्व. खेळण्याचा आणि सौरघटाचा संबंधही जुनाच आहे: २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगापुढे मांडला, तेव्हा त्याच्या विजेवर एक खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला होता.

प्रश्न होता डाख देण्याचा. "आजोबा, तुम्हीच द्या ना," नात म्हणाली. हत्यारे माळ्यावरून खाली आली. आजोबांनी तीन डाख दिले. तिसऱ्या वेळी हात हलला आणि वितळलेले कथील ट्रान्झिस्टरच्या दोन पायांवर पसरले. उन्हात ठेवलेला किडा हलेना. नात तारा तपासू लागली.

"तारा ठीक आहेत गं. तो डाख माझा चुकला आहे," आजोबा म्हणाले, आणि तापलेले हत्यार त्यांनी तिच्या हाती दिले.

मग ते नुसते सांगत राहिले. आधी तार तापव, कथील नको. तार तापली की कथील आपोआप धावते. निवल्यावर डाख मळकट दिसला, तर तो कच्चा समजावा. तिचे पहिले दोन डाख त्यांनी उकलायला लावले. तिसरा चकचकीत निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किडा गच्चीवर ठेवला. काही क्षण तो निश्चल होता. मग गुरगुरून बोटभर सरकला आणि पुन्हा थांबला. ढग आला की त्याचा मुक्काम लांबे, ऊन पडले की आखडे. शेजारची मुले जमली. हा मध्येच का थांबतो, असे एकाने विचारले.

आजोबा खाली वाकले आणि कपॅसिटर दाखवू लागले. दाखवणारे बोट उजव्या हाताचे होते. ते थरथरत होते, पण मुलांचे लक्ष किड्याकडे होते.