घाटातील संयम

साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा इंजिनात स्त्री दिसणे हीच नवलाई होती. पुढे मालगाडी, उपनगरी लोकल असा प्रवास करीत ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईस आणली. बोरघाटाचा तीव्र उतार उतरताना चालकाचा कस लागतो तो संयमात. ब्रेक किती लावावा, केव्हा सोडावा, या जाणिवेत. रात्री-अपरात्रीची पाळी आणि घरी दोन लहान मुले, हा चढ मात्र कोणत्याही वेळापत्रकात नोंदलेला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या भरवशावर डब्यात निजलेल्या असंख्य प्रवाशांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही. त्या माणसांचे सुखरूप घरी पोचणे, हीच सुरेखाताईंच्या सेवेची पावती.