ट्रेडमिल की वजनं?

स्लाऊ हे लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाला खेटून असलेलं गाव. इथली औद्योगिक वसाहत १९२० पासूनची, आणि मार्स नावाचं चॉकलेट १९३२ साली पहिल्यांदा तयार झालं ते इथेच. २०२१ च्या जनगणनेनुसार गावातले जवळजवळ निम्मे लोक आशियाई वंशाचे आहेत. त्यामुळे चॉकलेटच्या जोडीला समोसे आणि जिलेब्याही मुबलक! खायची एवढी सोय असल्यावर जिमही भरपूर असणार हे ओघानं आलंच.

मी जाते त्या जिमचे सरळ दोन भाग पडतात. खिडक्यांच्या बाजूला ट्रेडमिल आणि सायकली, आरशांच्या बाजूला लोखंड. पाटी कुणी लावलेली नाही, पण संध्याकाळी सहाला जाऊन बघा. आपल्याकडच्या बायका जवळजवळ सगळ्या खिडकीपाशी, आणि आरशापाशी दंड फुगवून बघणारे पुरुष. मधली दहा पावलं ओलांडायची म्हणजे लग्नात वरपक्षाच्या पंगतीत जाऊन बसण्यासारखं वाटतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, पंचेचाळिशी ओलांडलेली. त्यामुळे भार, ताण वगैरे विषय निघाला की मैत्रिणी मला विचारतात, "अगं, आठवड्यातून तीन तास कसेबसे मिळतात. चालू की वजनं उचलू?" या प्रश्नाकडे मी गंभीरपणे बघायला लागले त्याचं कारण मात्र स्लाऊत नाही, साताऱ्यात आहे.

माझी आई बहात्तर वर्षांची. गेली वीस वर्षं रोज सकाळी तासभर चालते. पाऊस असला तर गच्चीवर, पण चुकवत नाही. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. तपासणीत हाडं ठिसूळ झालेली निघाली. मी फोन केला तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "अगं, मी तर रोज चालते!"

तिची तक्रार रास्त होती. पण चालण्याचा फायदा मुख्यतः हृदयाला, रक्तदाबाला आणि मनाला होतो. उतारवयात नुसत्या चालण्यानं हाडांची घनता फारशी वाढत नाही. हाडाला नेहमीपेक्षा जास्त भार लागतो. आमच्या पोलादाची रीत वेगळी. त्याच्यावर पुन्हा पुन्हा भार टाकत राहिलं तर ते कधीतरी थकतं आणि तडा जातो. हाड जिवंत असतं. बेताबेतानं वाढवलेला भार पेलताना ते स्वतःची डागडुजी करतं आणि आणखी मजबूत होतं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदानं १८९२ साली हा नियम मांडला. भार काढून घेतला तर उलटं होतं. अंतराळवीरांच्या कमरेची हाडं दर महिन्याला एक टक्का किंवा त्याहून जास्त घटतात. सुनीता विल्यम्सनी २००७ साली अंतराळ स्थानकातल्या ट्रेडमिलवर स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन बॉस्टन मॅरेथॉन ४ तास २४ मिनिटांत पुरी केली हे पुष्कळांना माहीत असतं. पण तिथे वजनं उचलल्यासारखा व्यायाम देणारं यंत्रही आहे, आणि अंतराळवीरांना दोन्ही करावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

बायकांच्या बाबतीत हे जास्त निकडीचं आहे, कारण पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं झपाट्यानं झिजू लागतात. ब्रिटनमध्ये पाळी थांबण्याचं सरासरी वय ५१ आहे. भारतीय बायकांत ते काही वर्षं आधीच येतं.

त्यात आपल्या लोकांची आणखी एक गोम आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर सारखे, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात, तेव्हा तेच कमी असले तर मधुमेहाचं फावतं. म्हणून इथे ब्रिटनमध्ये आपल्या वंशाच्या लोकांना २५ ऐवजी २३ च्या बीएमआयलाच सावध करतात. "मी बारीकच आहे, मला जिम कशाला?" असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी हा किस्सा आवर्जून सांगते. नुसतं कमी खाऊन आणि चालून वजन उतरवलं, तर चरबीबरोबर होते नव्हते ते स्नायूही जातात.

मग बायकांना लोखंडाची एवढी भीती का? पहिली भीती पुरुषासारखे दंड होण्याची. पुरुषांचे स्नायू फुगतात त्यात टेस्टोस्टेरॉनचा मोठा हात असतो आणि ते आपल्यात कितीतरी पट कमी असतं. आठवड्यातून दोन दिवस डंबेल्स उचलून दंड फुगत नाहीत. दुसरी भीती आईची, "जड उचललं की अंग बाहेर येतं." ही अगदीच खोटी नाही. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू सैल झाले असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून ते बळकट करावेत. पण त्यासाठी जन्मभर बादलीसुद्धा उचलायची नाही, हा उपाय नव्हे.

आणि ओझं उचलणं बायकांना नवं थोडंच आहे? जातं, मुसळ, आडाचं पाणी, डोक्यावरच्या घागरी हे सगळं बायकांच्याच वाट्याला होतं. त्याचं कौतुक मी करणार नाही. अपुरं खाऊन, विश्रांतीशिवाय केलेल्या कामानं पाठी झिजल्या. व्यायामात भार मोजून वाढवता येतो आणि मध्ये विश्रांती मिळते, हा फरक मोठा आहे.

साठीनंतर हे जमतं का? ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठानं हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर प्रयोग केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटानं आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली आणि उड्या मारल्या. त्यांच्या कण्याची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. कुणाचंही हाड मोडलं नाही.

म्हणून मैत्रिणींना माझं उत्तर सरळ आहे. दोन्ही करा, पण तीन तासच असतील तर त्यातला एक तास आधी लोखंडासाठी काढून ठेवा. ब्रिटिश सरकारचा २०१९ चा सल्लाही असाच आहे. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, किंवा ७५ मिनिटं धावण्यासारखा जोराचा व्यायाम, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंसाठी. पहिला भाग आपल्याला कुणी शिकवायला नको. इथल्या अप्टन कोर्ट पार्कमध्ये शनिवारी सकाळी नऊला पार्करन असते, ५ किलोमीटर, फुकट, चालत आलात तरी चालतं. दुसरा भाग आपण विसरतो.

जिम नसली तरी अडत नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. सोपं झालं की दोन्ही हातांत पाण्याची एकेक बाटली घ्या, मग डाळीची पिशवी. भिंतीला हात टेकून जोर काढा, मग ओट्याला टेकून. शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेली पाहिजेत. सहज जमत असेल तर भार कमी आहे असं समजा. ताटात वरणाबरोबर उसळ, दही किंवा अंडं असू द्या. रक्तदाब जास्त असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मंगळागौरीला फुगडी खेळता येत असेल तर जरूर खेळा. बसफुगडी घालणाऱ्या बाईला वेगळ्या बैठका कशाला हव्यात?

आईचं प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टनं तिला हेच खुर्चीचं उठणं-बसणं दिलं. पहिल्या आठवड्यात हात न टेकता ती एकदाही उठू शकली नाही. आता बारा वेळा उठते, आणि मी फोन केला की तब्येतीऐवजी आधी आकडा सांगते. सकाळचं चालणं तिनं सोडलेलं नाही, फक्त वाटेतल्या मैत्रिणींनाही ती आता हेच करायला लावते. तुमच्याही घरी रोज नेमानं चालणारी एखादी आई, मावशी, आत्या असेलच. तिला एकदा हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगून बघा.