तेल आवरले तर ताकद वाढते का?

मोटारीच्या धुराचा रंग पाहून इंजिनाची प्रकृती ओळखता येते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे, निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. आमच्या घरची १९८२ सालची ॲम्बॅसिडर निळा धूर सोडू लागली, तेव्हा एका गॅरेजने सिलिंडर बोअर करून सगळे इंजिन नव्याने बांधण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून वडील गाडी भंगारात देण्याची भाषा करू लागले. नववीतल्या मुलीने मात्र विचारले, "बाबा, तेल अडवणारे भाग नवे घातले तर गाडीची ताकद वाढेल का?"

प्रश्न चांगला होता. या गाडीचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन मूळ इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचे. त्याच्या पिस्टनवरच्या वरच्या रिंगा जळत्या वायूचा दाब धरतात. खालची ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल खरवडून खाली चेंबरमध्ये सोडते. भिंतीवर पातळ थर मात्र राहिलाच पाहिजे, नाहीतर धातूला धातू घासेल. वर हेडमध्ये व्हॉल्व्हच्या दांड्यावर लहानसे रबरी सील असते. तेही तेलाला आत उतरू देत नाही.

हे भाग झिजले की तेल आत जळते, प्लगवर काजळी धरते, ठिणगी चुकते आणि चढावर इंजिन नॉक करू लागते. नवे भाग ही गेलेली ताकद परत आणतात. कारखान्यातून निघताना होती त्याहून जास्त देत नाहीत. उलट ऑइल रिंग फार ताठ असेल तर घर्षणात थोडी ताकद खर्चच होते.

शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या क्रँकला उडणारे तेल अडवते, म्हणून त्याखाली पत्र्याचा ट्रे बसवतात. तेथे काही हॉर्सपॉवर खरोखरच वाचतात. चेंबरमधल्या आडव्या पट्ट्यांमुळे जोराच्या वळणावर तेल एका बाजूला सरकून पंप कोरडा पडत नाही. बाजारहाट करणाऱ्या आमच्या गाडीला या ट्रेचा काय उपयोग? तिला डिपस्टिकची वरची खूण पुरे. त्या खुणेच्या फार वर तेल भरले तर क्रँक ते ताकासारखे घुसळतो, तेलात हवा मिसळते आणि बेअरिंगला नुसता फेस मिळतो. हा उपाय बिनपैशाचा आहे.

मग आम्ही धूर नेमका कधी येतो ते पाहिले. बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटात चढावर धूर नव्हता. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून बराच वेळ उतरल्यावर पुन्हा पाय दिला की निळा लोट निघे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनात जोराची ओढ तयार होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून तेल आत खेचले जाते. ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चारही सिलिंडरचा दाब मोजला. मग प्रत्येकात थोडे तेल सोडून पुन्हा मोजला. रिंगा झिजल्या असत्या तर दाब लक्षात येण्याइतका वाढला असता. तो वाढला नाही. मुलीने सगळे आकडे वहीत मांडले आणि आजोबांना दाखवले.

हेड उतरवून गाइड आणि सील बदलली. पिस्टनला हात लावावा लागला नाही. गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळत नाही; पण तेल संपत नाही, प्लग कोरडे राहतात आणि भंगाराचा विषय घरात निघत नाही.

मुलांनो, यंत्र बिघडले की लगेच पाना हातात घेऊ नका. ते केव्हा बिघडते हे आधी पाहा, मोजता येईल ते मोजा. खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, हे त्यातूनच कळते.