ड्रायफिटवरचा लोगो

सोलापुरात युनिफॉर्मचं काम भरपूर, त्यामुळे माझं सिंगल हेड एम्ब्रॉयडरी मशीन सहसा रिकामं नसतं. शाळेच्या शर्टाचं कापड मुकाट्याने काम करून घेतं. ड्रायफिट मात्र हैराण करतं. पातळ, सुळसुळीत पॉलिस्टर; जरा ओढलं की ताणतं, सोडलं की आकसतं.

एका रनिंग ग्रुपचे सर टी-शर्टांचा गठ्ठा घेऊन आले. "ताई, मागच्या वर्षी कॉटनवर काढलेला लोगो आहे ना, तीच फाइल लावा." लोगो गोल, चार इंची, आतून पूर्ण भरलेला. म्हटलं, एका पीसवर सँपल काढते, तुम्ही बसा.

फ्रेममध्ये होता तोवर लोगो छान दिसत होता. फ्रेम काढली आणि कडेने चुण्याच चुण्या. हजारो टाके कापडाला आत खेचतात. जाड कॉटन ते सोसतं, ड्रायफिटला ते झेपत नाही. इस्त्रीनेही त्या चुण्या जात नाहीत, उलट गरम इस्त्रीने पॉलिस्टरवर चकाकी येते.

मग पंचिंग, म्हणजे टाक्यांची फाइल, नव्याने करून घेतलं. भरीव गोल काढून नुसती कड आणि अक्षरं ठेवली, टाके विरळ केले. मागे फाडून काढायचा पेपर चालत नाही, कारण धुतल्यावर टाक्यांना आधार उरत नाही. मऊ जाळीचं बॅकिंग लावलं, ते कायम राहतं. सुई गोल टोकाची. टोकदार सुईने कापडाचा धागा तुटला की तिथे भोक पडतं आणि धुण्यात ते वाढत जातं. मशीनचा स्पीडही कमी केला. सगळ्यात नाजूक काम फ्रेम लावण्याचं: कापड सपाट बसलं पाहिजे, पण ताणायचं नाही. नव्या मुलांचा हात इथेच जास्त जोर लावतो.

सरांना नवा पीस आवडला. पण "भरलेला असता तर उठून दिसला असता" हे म्हणालेच. मी म्हटलं, घाम सुकावा म्हणून हा शर्ट घेता, आणि छातीवर दोऱ्याचा जाड थर चढवता? तिथे हवा लागणार नाही, पळताना टोचेल ते वेगळंच.

तेव्हा ड्रायफिटची ऑर्डर देताना सँपलसाठी एक पीस जादा द्या. आणि मोठा, भरीव लोगोच हवा असेल तर सरळ प्रिंटिंगवाल्याकडे जा; मी स्वतः तिकडेच पाठवते.