ज्वारीएवढे मणी

शिरोळ तालुक्यात आमच्या रानाच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि मधे एकरभर तास-ए-गणेश द्राक्षं. थॉम्पसनमधूनच तासगावकडच्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी निवडलेली ही जात. डिसेंबरात शेजारी बांधावर येतो आणि दरवर्षी तेच विचारतो, "व्हय दादा, आलेलं पीक असं मातीत घालायचं?"

ऑक्टोबर छाटणीनंतर पन्नासेक दिवसांत मणी ज्वारीएवढे होतात. विरळणीच्या बायका कात्र्या घेऊन मांडवाखाली शिरतात. घडाच्या आठ-दहा पाकळ्या राखायच्या, शेंडा खुडायचा, दाटीतले मणी काढायचे. संध्याकाळी सरीत हिरवा सडा पडलेला असतो. त्याआधीच जादा घड उतरवलेले असतात, आणि खरं अवघड काम तेच.

पहिल्या पिकाला माझा हात चालला नाही. वेलीला साठ-साठ घड राखले. मांडव असा लगडला की पाहुणे फोटो काढून गेले. फेब्रुवारी सरत आला तरी गोडी भरेना. साखर पानात तयार होते, आणि पानं तेवढीच, खाणारी तोंडं दुप्पट. मणी बारीक, आंबूस. व्यापारी मांडवाखालून फिरला आणि चहा पिऊन गेला. शेवटी माल बेदाण्याला गेला. चार किलो द्राक्षांमागे एक किलो बेदाणा, तोही बारीक.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पुढच्या पिकाचे घड उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत डोळ्यांत तयार होतात. दमलेल्या वेलीनं काड्या बारीक काढल्या. ऑक्टोबरात डोळे फुटले, पण कितीतरी घड जिरले, जागोजाग घडांऐवजी नुसत्या बाळ्या, म्हणजे तणावे. एका वर्षाची हाव मी दोन वर्षं फेडली.

निम्मे घड काढले म्हणून वजन निम्मं होत नाही, उरलेले मणी फुगतात. मात्र घड काढताना हात फार सैल सोडला तरी नुकसानच. वेल शेंड्यांकडं पळते, मांडव दाटतो, डोळ्यांना ऊन मिळत नाही. हिमाचलातले पीचवालेही फळ कोवळं असताना असंच विरळतात म्हणे. त्यांचेही शेजारी बांधावर येत असतील.

आमचं अंतर नऊ बाय पाच फूट. दीड चौरस फुटाला एक घड, म्हणजे वेलीला तीस. यंदा मोजून तेवढेच ठेवलेत.