कृष्णाकाठचे गाजर

कृष्णाकाठच्या प्रवासाची वर्णने आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. त्यांत क्षेत्रे येतात, घाट येतात, किल्ले येतात. परंतु त्या काठच्या लोकांच्या ताटात काय पडते याची चौकशी प्रवासी क्वचितच करतो. गेल्या पौषात आम्ही उभयता महाबळेश्वराहून सांगलीपर्यंत नदीच्या ओघाबरोबर खाली उतरलो, तेव्हा वाटेतल्या देवदर्शनांत उणे पडू न देता एका सामान्य कंदाकडेही लक्ष ठेवून होतो. तो कंद म्हणजे गाजर.

यास कारणही तसेच घडले होते. सांगलीस गावभागात आमच्या आत्याबाई राहतात. त्यांचे वय ब्याऐंशी. त्यांच्या स्वयंपाकघरात गाजर कधी शिजले नाही. 'ते आपल्यात चालत नाही' एवढेच त्यांनी सासूबाईंकडून ऐकले होते व तेवढेच त्यांनी सुनेस सांगितले. मार्गशीर्षात त्यांच्या नातवाचे लग्न झाले. नातसूनबाई माहेरी गाजराचे नाना प्रकार करण्यास शिकून आलेली. पहिल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत गाजर घालावे, असे तिच्या मनात आले आणि घरात दोन पक्ष पडले. कोणी मोठ्याने बोलले नाही; पण घरात अबोला शिरावयास मोठ्या आवाजाची गरज नसते. शेवटी आत्याबाईंनी आम्हास निरोप धाडला : "तुम्ही दोघे वाईवरून येणार आहात. तिथे जाणत्या माणसाला विचारून या. शास्त्रात असेल ते सांगा. मला बरे वाटावे म्हणून काही सांगू नका."

महाबळेश्वरी, सुमारे साडेचार हजार फुटांच्या उंचीवर, पौषातली थंडी बोटांत शिरते. जुन्या क्षेत्री पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारे पाणी ओंजळीत घेऊन आम्ही वेण्णा तलावाकडे वळलो. हा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1842 साली बांधविला. त्याच्या काठी गाजरांच्या जुड्या पाल्यासकट मांडलेल्या असतात : बोटाएवढी बारीक, केशरी, नुकतीच धुतलेली गाजरे. येणारा-जाणारा ती कच्चीच खातो आणि उरलेला पाला तलावाकाठचे घोडे खातात.

या डोंगरात विलायती भाज्यांची लागवड कशी वाढली, हा इतिहास मनोरंजक आहे. इंग्रजांनी येथे गिरिस्थान वसविल्यावर एक तुरुंग बांधला व त्यात चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले. बटाटे व इतर विलायती भाज्या पिकविण्यात त्या कैद्यांचा हात मोठा होता. तुरुंग 1864 साली बंद झाला. पण चिनी बागवानांची आठवण येथील एका धबधब्याच्या नावात अजून शिल्लक आहे. दूर देशाहून बेड्या घालून आणलेल्या माणसांनी ज्या मातीला वळण लावले, त्या मातीतली भाजी आपण सहलीत हौसेने खातो, हे विसरू नये.

गाजराचे कूळही असेच फिरस्ते आहे. त्याची पहिली लागवड मध्य आशियात, अफगाणिस्तानाच्या आसपास झाली असे मानतात. तेथील गाजरे जांभळी व पिवळी होती. केशरी गाजर युरोपात, विशेषतः हॉलंडात, सोळाव्या-सतराव्या शतकांत रूढ झाले. हिवाळ्यात आपल्या बाजारात येणारे लांब, तांबडेलाल देशी गाजर वेगळे. त्याचा रंग टोमॅटोत असणाऱ्या द्रव्याचाच, आणि त्याचे बी सपाटीवरच्या हवेतही धरते. विलायती जातीस मात्र बी धरण्यासाठी कडक थंडी लागते. कोशिंबिरीस केशरी आणि हलव्यास तांबडे, अशी गृहिणींनी जी वाटणी केली आहे तीही विचाराची आहे. कारण देशी गाजरात रस व गोडी अधिक असते.

पाचगणी मागे टाकून पसरणीच्या घाटाने आम्ही वाईस उतरलो. कृष्णेचे घाट, 1762 साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, आणि केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेने या गावास दिलेली विद्येची कीर्ती, ही सर्वांस ठाऊक आहेत. धर्मकोशाचे काम याच गावी झाले; मराठी विश्वकोशाचेही घर हेच. आत्याबाईंनी शंकेसाठी गाव निवडले ते योग्यच होते.

घाटावर एका वृद्ध शास्त्रीबोवांची गाठ पडली. प्रश्न ऐकून ते हसले नाहीत, ही गोष्ट आम्हास फार आवडली. ते म्हणाले, "मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांस जे पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत लसूण व कांदा यांच्याबरोबर 'गृंजन' म्हणून एक नाव आहे. पुढे लोकव्यवहारात गृंजन म्हणजे गाजर असे धरले गेले. परंतु अमरकोश उघडा. तेथे गृंजन हा शब्द लसणाच्या नावांत दिला आहे. कोणी त्याचा अर्थ तांबडा लहान कांदा असाही करतात. तेव्हा गाजर निषिद्ध आहे असे छातीठोकपणे सांगणे कठीण."

"मग आत्याबाईंना खुशाल खा म्हणून सांगावे काय?" आम्ही विचारले.

"तसे मी म्हटले नाही," शास्त्रीबोवा उत्तरले. "शब्दाचा अर्थ संशयित आहे, एवढे मी सांगितले. त्यांनी साठ वर्षे जे पाळले ते शब्दकोश पाहून पाळले नाही; सासूला दिलेल्या वचनासारखे पाळले. तो हिशेब त्यांचा त्यांनीच करावयाचा. पण एक विचारा : संक्रांतीच्या सुगडात त्या काय घालतात?"

हा प्रश्न आम्ही पदरात बांधून घेतला आणि साताऱ्याची वाट धरली.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका स्नेह्यांच्या घरी आमचा मुक्काम होता. गाजर तिखट अंगाने किती चांगले लागते, हे आम्हास त्या घरी समजले. यजमानीणबाईंची कोशिंबीर अशी : दोन वाट्या गाजराचा कीस, अर्धी वाटी दाण्याचे कूट, एका लिंबाचा रस, चवीपुरते मीठ व साखर, वरून तुपाची जिरे, हिंग व हिरवी मिरची घातलेली फोडणी. मीठ मात्र पाने घेतेवेळीच घालावयाचे, नाहीतर किसाला पाणी सुटून कूट भिजते. दुसरे त्यांचे ताजे लोणचे. पाव किलो गाजराच्या बोटाएवढ्या फोडी पुसून कोरड्या करावयाच्या. त्यांस मीठ, दोन चमचे मोहरीची डाळ, अर्धा चमचा हळद, चमचाभर तिखट व दोन लिंबांचा रस लावून, वर पूर्ण निवालेली तेलाची फोडणी ओतावयाची. दुसऱ्या दिवशी मोहरी नाकात चढते आणि भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. हे लोणचे आठवड्याच्या आत संपवावे.

सातारा हे कंदी पेढ्यांचे गाव. तेव्हा येथील हलव्यात खव्याची चैन असणारच. एक किलो तांबड्या गाजरांचा कीस चार चमचे तुपावर, त्याचा कच्चा वास जाईतो परतावयाचा. मग अर्धा लिटर दूध घालून ते आटवावयाचे, नंतर पाव किलो साखर व शेवटी पाव किलोस थोडा कमी खवा. साखर आधी घातली तर कीस चिवट राहतो, हे यजमानीणबाईंनी दोनदा बजावले. तुपाचे काम केवळ चवीचे नव्हे. गाजरातील ज्या द्रव्यापासून आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व बनते, ते 1831 साली एका जर्मन रसायनज्ञाने गाजरातूनच वेगळे काढले आणि त्यास कॅरोटीन हे नावही गाजरावरूनच मिळाले. ते स्निग्धांशाबरोबर, आणि शिजविले असता, अंगी अधिक लागते. आपल्या आज्यांस हे नाव ठाऊक नव्हते. तूप मात्र ठाऊक होते.

साताऱ्याहून कऱ्हाड. तेथे कोयना कृष्णेस समोरासमोर येऊन मिळते. पुढील मुलूखही पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. 1949 साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले तरी चुली एकच बोली बोलतात. वाटेवर किर्लोस्करवाडी लागली. याच माळावरून 'स्त्री' मासिक 1930 साली निघू लागले. आणि सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' 1970 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा वाटी-चमच्याच्या प्रमाणामुळे नवख्या मुलींसही स्वयंपाक सोपा झाला. पूर्वी 'अंदाजाने घाल' एवढ्यावर सारी विद्या चाले. आणि अंदाज सासरी ज्याचा त्याचा निराळा!

भोगीच्या आदल्या सायंकाळी आम्ही सांगलीस पोहोचलो. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलावरून कृष्णा संथ दिसत होती. गावभागातल्या घरी दिवेलागण झाली होती. आत्याबाईंनी हातपाय धुण्यास पाणी दिले, चहा झाला, आणि मग त्या म्हणाल्या, "सांगा."

आम्ही शास्त्रीबोवांचे बोलणे जसेच्या तसे, काही न गाळता व काही न जोडता सांगितले. नातसूनबाई दाराआड उभी होती. गृंजन म्हणजे लसूण असेल, कांदा असेल, निश्चय होत नाही, हे ऐकून आत्याबाईंचा चेहरा हलला नाही. परंतु सुगडाचा प्रश्न ऐकताच त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

"सुगडात हरभरा, ऊस, बोरे, शेंगा, तिळगूळ," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि गाजर. दरसाल. देवापुढे ठेवायचे, सवाष्णींना वाण म्हणून लुटायचे, आणि आपल्या वाट्याचे गाईला घालायचे." मग दाराकडे पाहून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, बाहेर ये बघू. देवाला चालते आणि सवाष्णीला चालते, ते आपल्या भाजीला का चालू नये? उद्या घाल. श्राद्धाच्या स्वयंपाकात मात्र मी असेतो नको. तेवढे माझ्या सासूबाईंचे राहू दे."

"बरं, आजी," एवढेच ती म्हणाली; पण सकाळी किसणीचा आवाज आमच्या आधी उठला होता.

भोगीची भाजी तेथे अशी झाली : वांगी, पावटे, घेवडा, ओले हरभरे, शेंगदाणे, बोरे आणि गाजराच्या फोडी, वर तिळाचे कूट, गूळ व काळा मसाला. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी. गाजर या भाजीत फार शिजू देऊ नये. फार शिजल्यास ते मऊ पडते व त्याची गोडी साऱ्या रसात पांगते. दाताखाली गोड तुकडा यावा यातच त्याची खुमारी आहे.

तिसऱ्या प्रहरी नातसूनबाईने गाजराचा केक केला, तोही आत्याबाईंस चालावा म्हणून बिनअंड्याचा. दोन वाट्या कणकेत एक चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ चाळून घेतले. एक वाटी किसलेला गूळ, पाऊण वाटी दही व अर्धी वाटी पातळ तूप एकत्र फेसून त्यात दीड वाटी गाजराचा कीस, मूठभर बेदाणे व किसलेले जायफळ घातले. शेवटी कणीक हलक्या हाताने मिसळली. बेदाणे अर्थातच तासगावचे. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, त्यावर तूप लावलेला डबा ठेवून, झाकण घालून मंद आचेवर पाऊण तास. विणण्याची सुई खुपसून ती कोरडी निघाली की झाला. कीस पिळू नये. त्याच्या रसानेच केक मऊ राहतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात साखरेचे शिधावाटप सुरू झाले, तेव्हा तेथील गृहिणींनीही गोडीसाठी गाजराचाच आधार घेतला होता. अडचणीत गोड काय करावे, हा प्रश्न सर्व देशांतील बायकांस सारखाच सुटलेला दिसतो.

संध्याकाळी हलव्याचे दागिने अंगावर घालण्याची रंगीत तालीम चालली असताना नातसूनबाईने बशीत एक लहानशी फोड आत्याबाईंपुढे ठेवली. आग्रह केला नाही. आत्याबाईंनी ती बराच वेळ तशीच राहू दिली. मग चिमटीएवढा तुकडा मोडून तोंडात घातला, डोळे मिटून चघळला व म्हणाल्या, "गोड आहे गं. एवढी वर्षे हे फक्त गाईलाच ठाऊक होते."

जुन्या चालीरीती मोडाव्यात की पाळाव्यात, यावर सभांतून पुष्कळ वाद होतात. घरातला वाद निराळ्या रीतीने मिटतो. त्यास शास्त्राचा अर्थ जाणणारा मनुष्य लागतो, खरे ते ऐकण्याची तयारी असणारी वृद्धा लागते, आणि होकार मिळाल्यावरही श्राद्धाच्या दिवशी किसणी फडताळातच ठेवणारी सून लागते. पौषात मंडईतील तांबड्या गाजरांचे ढीग पाहून आमच्या वाचकभगिनींनी यंदा थोडी अधिक घ्यावीत. आणि ज्या घरी ती अजून केवळ सुगडापुरतीच येत असतील, तेथे एवढेच विचारून पाहावे की हे वाण आपल्या वाट्यास कधी येणार?