बोलरचं कपाट

आज कपाट काढायचा बेत सोडून दिला. विनिपेगच्या रे ओलेको यांनी १९६८ साली बाजारात आणलेल्या या १३ फुटी बोलर ट्रेलरला आत लाकडी सांगाडा नाही. फायबरग्लासचे वरचा आणि खालचा असे दोन भाग मधोमध जोडलेले. छताला आधार या कपाटाचाच. ते उपटलं की छत खचतं. आता त्या कपाटातच मिसळणाच्या डब्याला आणि कुकरला कप्पा करीन.

कवच अजून ठणठणीत आहे. कुजते ती प्लायवूडची जमीन, कारण पाणी रिव्हेटांच्या भोकांतून झिरपतं. म्हणून आधी रिव्हेट, मग जमीन, रंग शेवटी. ओली जमीन चकचकीत रंगाखाली झाकून ट्रेलर विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. उद्या छतावर पाइपने पाणी सोडून, आत टॉर्च घेऊन बसायचं.